ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला असं नाही

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ. भाषणानंतर विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरं शेवटी दिली आहेत.)



पंचवीस वर्षं एकत्र राहणं ही सोपी गोष्ट नाही. पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून, मेंटेनन्सवरून भांडणं होऊनही आपण सगळे आज एका मांडवात बसलोय, याबद्दल आधी सर्वांचं अभिनंदन. रौप्यमहोत्सवात दातांच्या डॉक्टरला बोलायला का बोलावलं, असं काहींना वाटत असेल. पण चांदीचा आणि दातांचा संबंध जुना आहे. आपल्या आधीची पिढी 'दाढेत चांदी भरून घेतली' असंच म्हणायची!

समितीने विषय माझ्यावर सोपवला होता. मी रूट कॅनाल निवडला, कारण आपल्या अंबाजोगाईत आणि एकूणच बीड जिल्ह्यात या एका उपचाराबद्दल जेवढी भीती आहे, तेवढाच गैरसमजही आहे. आज मला मुख्य एकच गोष्ट सांगायची आहे. ती लक्षात राहिली तरी माझं इथे येणं कामी आलं असं मी समजेन. दाताच्या बाबतीत दुखणं थांबणं आणि आजार बरा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दवाखान्यात रोज ऐकू येणारं वाक्य असं असतं: "डॉक्टर, परवा रात्रभर ठणकायली होती, आता राहिली. मग कशाला करायचं?" या वाक्यामुळे जेवढे दात जातात, तेवढे मला वाटतं किडीमुळेसुद्धा जात नसतील.

दाताच्या आत काय असतं

दात बाहेरून दगडासारखा दिसतो, पण तो जिवंत असतो. सगळ्यात वर एनॅमलचं कवच असतं. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. त्याच्याखाली डेंटीनचा थर. आणि मधोमध एक पोकळी, जिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. डॉक्टर तिला पल्प म्हणतात, आपण बोलताना 'नस' म्हणतो. ही पोकळी मुळांमध्ये बारीक नळ्यांसारखी खाली उतरते आणि मुळाच्या टोकाला हाडाशी जोडलेली असते. या नळ्या म्हणजेच रूट कॅनाल. म्हणजे रूट कॅनाल प्रत्येकाच्या तोंडात मुळातच आहेत. आपण ज्याला 'रूट कॅनाल केलं' म्हणतो, ती त्या नळ्यांची साफसफाई आणि बंदिस्ती आहे.

समोरच्या वरच्या दाताला साधारण एक नळी असते. खालच्या दाढेला बहुतेक वेळा तीन, आणि वरच्या पहिल्या दाढेला पुष्कळदा चार. म्हणून "शेजाऱ्याचं एका दिवसात झालं, माझं का नाही?" असं विचारताना कुठला दात, हे आधी बघायचं. पुढच्या दाताचं काम एका खोलीचं, तर दाढेचं काम तीन खोल्यांच्या फ्लॅटचं.

कीड एनॅमलमध्ये असेपर्यंत काहीच कळत नाही. ती डेंटीनमध्ये शिरली की थंड पाणी, गोड, आंबट लागलं की कळ येते आणि लगेच थांबते. या टप्प्यावर आलात तर नुसतं सिमेंट भरून काम होतं. खर्च कमी, वेळ कमी. पण त्या टप्प्यावर फार थोडे लोक येतात. लोक येतात ते पुढच्या टप्प्यावर. म्हणजे गरम चहाने ठणका सुरू होतो आणि पंधरा-वीस मिनिटं थांबत नाही. रात्री आडवं पडलं की वाढतो, उठून बसलं की जरा कमी होतो. कान दुखतो, कानशील दुखतं, वरची दाढ दुखतेय की खालची हेसुद्धा नेमकं सांगता येत नाही. काही जण तर गार पाण्याची गुळणी तोंडात धरूनच येतात, कारण तेवढाच आराम.

असं का होतं? बोटाला लागलं तर बोट सुजतं, सुजायला जागा असते. दाताच्या आतली नस कठीण भिंतींमध्ये कोंडलेली असते. तिला सुजायला जागाच नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा घुसमटतो आणि हळूहळू नस मरते.

आणि नस मेली की ठणका थांबतो.

लोकांना वाटतं, गोळी लागू पडली, लवंगेचं तेल लागू पडलं, किंवा कुणीतरी मंतरलेला दोरा लागू पडला. प्रत्यक्षात घरातली घंटा वाजायची बंद झालेली असते, चोर मात्र आतच असतो. मेलेल्या नसेत जंतू आरामात वाढतात. तिथून ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. हे काम महिनोन् महिने न दुखता चालू राहू शकतं. मग एके दिवशी चावताना दात उंच वाटतो, हिरडीवर छोटा फोड येऊन त्यातून पू येतो, किंवा रात्रीत गाल सुजतो. फोडातून पू येत असतो तेव्हा दाब कमी असल्याने दुखत नाही. त्यामुळे पुन्हा तेच वाक्य: "आता राहिली."

दाढेतले किडे

आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजूनही दाढेतले किडे काढणारे भेटतात. रिंगणीच्या बियांची धुरी देतात आणि पांढरे बारीक 'किडे' पाण्यात पडलेले दाखवतात. ते किडे त्या बियांमधूनच आलेले असतात. दातात वळवळणारी अळी नसते, डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात.

हे जंतूच दोषी आहेत, हे अमेरिकेत १९६५ साली एका साध्या प्रयोगाने स्पष्ट झालं. काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांना भोक पाडून आतली नस उघडी केली. काही उंदीर नेहमीसारखे वाढवलेले होते आणि काही पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले. नेहमीच्या उंदरांच्या नसा सडल्या, पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या उघड्या नसेत अन्न अडकलं तरी ती जिवंत राहिली, एवढंच काय, भोकावर नवा कठीण थरही तयार झाला. म्हणजे नस उघडी पडली म्हणून दात सडत नाही. जंतू आत शिरतात म्हणून सडतो. रूट कॅनालचा सगळा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे: आतले जंतू काढा आणि नवे येऊ देऊ नका.

गोळ्यांनी का जात नाही

मेडिकलवरून 'दाढदुखीची गोळी' आणणं हा आपल्याकडचा पहिला उपचार. वेदनाशामक गोळी तात्पुरती ठीक आहे, तीही डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटी, दिवसाला चार-चार, आठवडाभर अशा घेतल्या तर पोट आणि किडनी दोन्ही त्रास देतात. आणि काही जण गोळी दाढेजवळ हिरडीवर धरून ठेवतात. त्याने हिरडी भाजते, दाढ होती तशीच राहते.

अँटिबायोटिकचं कारण तर अगदी सरळ आहे. औषध रक्तातून जातं. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, मग औषध तिथे पोचणार कसं? आजूबाजूची सूज उतरते, आतलं घर तसंच. तुम्हाला सोसायटीचंच उदाहरण देतो. छताला ओल आली की आपण आतून पुट्टी मारतो, रंग देतो, दोन महिने छान दिसतं. पुढच्या पावसाळ्यात ओल पुन्हा वर येते, कारण गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलेलंच नसतं. दाढेसाठी अँटिबायोटिक म्हणजे ती पुट्टी. सूज पसरली असेल, ताप असेल, तर अँटिबायोटिक लागतं, ते डॉक्टर देतात. पण त्याच्या जोडीला आतली घाण काढावीच लागते. आणि नुसत्या ठणक्यासाठी वारंवार अँटिबायोटिक घेतलं तर उद्या खऱ्या गरजेच्या वेळी ते लागू पडत नाही.

प्रत्यक्षात काय करतात

आता भीतीचा भाग. खुर्चीवर नेमकं काय होतं, ते सांगतो.

आधी एक्स-रे. त्यात मुळं किती, वळणं कशी, हाडात किती पसरलंय ते कळतं. दाताच्या छोट्या एक्स-रेतून मिळणारे किरण साधारण एका दिवसात निसर्गातून आपल्याला तसेही मिळतात तेवढे किंवा त्याहून कमी असतात. मग इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. त्यानंतर दुखायला नको. दुखलं तर हात वर करायचा, डॉक्टर थांबतात आणि पुन्हा बधिर करतात. ठणका जोरात असताना कधी कधी भूल चढायला वेळ लागतो, एवढंच.

काही दवाखान्यांत दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्याला रबर डॅम म्हणतात. त्यामुळे लाळ आत जात नाही आणि बारीक सुया किंवा औषध घशात जात नाही. बघून घाबरू नका, तुमच्याच सुरक्षिततेसाठी आहे ते.

मग वरून छोटं दार उघडून सडलेली नस काढतात. फाईल नावाच्या बारीक, लवचीक सुयांनी नळ्या घासून रुंद करतात. सगळ्यात बारीक फायलींपैकी एकीचं टोक एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. दाताची लांबी साधारण दोन सेंटिमीटर. एवढ्या खोल, अंधाऱ्या, वळणाच्या नळीच्या टोकापर्यंत जायचं, पण टोकाच्या पलीकडे जायचं नाही. म्हणून मधे मधे पुन्हा एक्स-रे काढतात किंवा लांबी मोजणारं छोटं यंत्र लावतात. प्रत्येक घासणीनंतर जंतू मारणाऱ्या द्रवाने धुतात. खरं सांगायचं तर घासण्यापेक्षा हे धुणंच जास्त महत्त्वाचं. जिथे सुई पोचत नाही, तिथे पाणी पोचतं.

शेवटी नळ्या भरतात त्या गटापर्चाने. हा मलाया भागातल्या एका झाडाच्या चिकाचा पदार्थ, रबराचा चुलतभाऊ म्हणा. पाण्याने कुजत नाही म्हणून एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांना याचंच आवरण असायचं. १८७० साली मुंबई थेट इंग्लंडशी तारेने जोडली गेली, त्या तारेलाही. जे समुद्रात टिकलं, ते लाळेत का टिकणार नाही?

हे काम कधी एका बैठकीत होतं, कधी दोन-तीन. पू असेल, सूज असेल, नळ्या अवघड असतील तर मधे औषध भरून वरून तात्पुरतं सिमेंट लावतात आणि आठ-पंधरा दिवसांनी बोलावतात. काम झाल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखणं नेहमीचं आहे. त्याने घाबरायचं नाही. सूज वाढली किंवा ताप आला तर मात्र लगेच फोन करायचा.

अर्धवट सोडलेली दाढ

आता आपल्या जिल्ह्याची गोष्ट. दिवाळीच्या आसपास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून हजारो कुटुंबं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. चार-पाच-सहा महिने फडावर. ट्रक निघायच्या आदल्या आठवड्यात दातांच्या दवाखान्यात गर्दी होते. "निघायच्या आत दाढेचं बघा" म्हणतात. पहिल्या बैठकीत नस काढली जाते, ठणका थांबतो. पुढच्या तारखेला माणूस फडात असतो.

तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांसाठी असतं. चार-पाच महिन्यांत ते झिजतं, फुटतं, उघड्या दारातून लाळ आणि जंतू पुन्हा आत. फडावर गाल सुजला तरी दवाखान्यात जायचं कसं? उचल घेतलेली, एक दिवसाचा खाडा म्हणजे पैसे कापले जाणार, जवळचं गाव किती दूर ते मुकादमाला माहीत. मग तंबाखू दाढेत धरायची, मिश्री लावायची, गोळी घ्यायची आणि काम चालू ठेवायचं. बाई असेल तर ती आणखीच गप्प बसते. आणि मार्चमध्ये परतल्यावर ती दाढ मधोमध चिरलेली असते, काढण्याशिवाय इलाज नसतो. पैसेही गेले, दाढही गेली. त्यात त्या माणसाला वाटतं, 'रूट कॅनाल केलं तरी दाढ गेलीच', आणि तो हेच गावभर सांगतो.

तुम्ही म्हणाल, हे आम्हाला का सांगता? आपण नोकरदार, शिक्षक, निवृत्त माणसं. पण आपल्याकडे भांडी करणाऱ्या ताईचा भाऊ, वॉचमनचा मुलगा, गावाकडचे आपलेच चुलते-पुतणे त्या ट्रकमध्ये असतात. त्यांना एवढं सांगा: दवाखान्यात पहिल्याच दिवशी निघायची तारीख सांगा. वेळ असेल तर डॉक्टर बैठका लवकर लवकर घेतील. वेळ नसेल तर आत जास्त दिवस चालणारं औषध भरून वरचं दार टिकाऊ सिमेंटने बंद करतील. केसपेपर आणि एक्स-रे सोबत न्या, म्हणजे कारखान्याजवळच्या गावातला डॉक्टरसुद्धा पुढचं काम करू शकेल. आणि शक्य असेल तर दाढ दसऱ्याला नाही, आषाढात दाखवा.

खरं म्हणजे हे आपल्यालाही लागू आहे. फडावर न जाता अर्धवट सोडणारे आपल्यातही कमी नाहीत. ठणका थांबला, मुलीचं लग्न आलं, मार्च एंड आला, राहून गेलं.

टोपी का घालायची

रूट कॅनाल पूर्ण झालं की तिसरा सापळा असतो. आता अजिबात दुखत नाही, मग कॅप कशाला, डॉक्टर पैसे काढतात असं वाटतं. कीड आणि उपचार मिळून दाढेचा बराच भाग आतून गेलेला असतो. उरतात त्या पातळ भिंती. त्यावर ज्वारीच्या कडक भाकरीचा काठ, सुपारी, भाजलेले चणे, आणि आपल्या भागात तर दाताने सोललेला ऊस. भिंत चिरते. चीर मुळापर्यंत गेली की ती दाढ वाचत नाही. म्हणून दाढेला टोपी, म्हणजे कॅप, काही आठवड्यांच्या आत बसवायची. पुढच्या दातांना त्यांचा बराचसा भाग शाबूत असेल तर दर वेळी कॅप लागतेच असं नाही. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम काम करते, पैसे नसतील तर लाजायचं कारण नाही.

आणखी एक. त्या दाढेची घंटा आता काढून टाकलेली आहे. कॅपच्या कडेने पुन्हा कीड लागली तर दुखणार नाही. म्हणून तिथे ब्रश जास्त काळजीने फिरवायचा आणि वर्षाने एकदा एक्स-रे काढून मुळाजवळचं हाड भरलं की नाही बघायचं. दहापैकी आठ-नऊ दात नीट टिकतात, काही पंचवीस वर्षंही टिकतात, आपल्या संस्थेसारखे. एखादा बिघडतो. राहून गेलेली नळी, गळती, चीर अशी कारणं असतात. अशा वेळी पुन्हा रूट कॅनाल करता येतं किंवा मुळाच्या टोकाशी छोटी शस्त्रक्रिया करता येते.

केव्हा काढणंच बरं

मी दात वाचवण्याच्या बाजूचा आहे, पण प्रत्येक दात वाचवायचाच असं नाही. मूळ उभं चिरलं असेल, वर कॅप बसवण्यापुरताही दात उरला नसेल, हाड झिजून दात हलत असेल, तर काढणं प्रामाणिकपणाचं. बहुतेक अक्कलदाढा काढल्या तरी चालतात. पण 'काढून टाका की, कटकट गेली' म्हणताना पुढचा खर्च लक्षात घ्या. मोकळ्या जागेत शेजारची दाढ कलते, समोरची दाढ वाढून खाली किंवा वर येते, चावणं बिघडतं. मग ब्रिजसाठी शेजारचे दोन चांगले दात घासायचे, नाहीतर इम्प्लांट. दोन्ही स्वस्त नाहीत.

हे दिसलं तर थांबायचं नाही

ही गोष्ट कृपया घरातल्या सगळ्यांना सांगा. जबड्याखाली किंवा जिभेखाली सूज, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज बदलला, श्वास लागतो, डोळा सुजून मिटायला लागला, सोबत ताप. हे दाढदुखीचं साधं प्रकरण नाही. संसर्ग मानेत उतरू शकतो आणि जीव जाऊ शकतो. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने या सुजेचं वर्णन केलं, आजही ती त्याच्या नावाने ओळखली जाते. अशा वेळी सकाळची वाट न बघता रात्रीच आपल्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचं. बाहेरून गरम शेक द्यायचा नाही. मधुमेह असलेल्यांनी तर तासाचाही उशीर करू नये.

डॉक्टरला काय विचारायचं

विचारायला लाजू नका. एक्स-रे दाखवून समजावून सांगा म्हणा. किती बैठका, कॅप धरून एकूण खर्च किती, हे आधीच विचारा. दाढ किती टिकेल, काढली तर पुढे काय, हे विचारा. आपल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या: शुगर, बीपी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाची झडप बसवली असेल तर ते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करायची नाही. आणि दवाखान्यात महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी आहे का, ते बघा. १९४८च्या दंतवैद्यक कायद्यापासून ही नोंदणी बंधनकारक आहे. रस्त्याकडेला तारेने आणि प्लास्टिकने दात बसवून देणाऱ्यांपासून लांब राहा.

खर्च परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा लातूरच्या दंत महाविद्यालयात प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होतं. वेळ जास्त लागतो, खेपा होतात, पण पैसे कमी लागतात.

सभासदांचे प्रश्न

*वरची दाढ काढली की नजर कमी होते, खरं आहे का?*
नाही. दाताच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या आहेत. चाळिशीनंतर दाढाही जातात आणि चष्माही लागतो, दोन्ही एकाच वयात होतं म्हणून लोक जोडतात.

*व्हॉट्सॲपवर आलंय की रूट कॅनालने कॅन्सर होतो.*
याचं मूळ शंभर वर्षांपूर्वीचं आहे. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात एक भाषण केलं आणि तोंडातला संसर्ग अनेक आजारांचं मूळ ठरवला. पुढे वेस्टन प्राइस या अमेरिकन दंतवैद्याने रूट कॅनाल केलेल्या दातांवर बोट ठेवलं. त्या भीतीने हजारो लोकांचे चांगले दात काढले गेले, आजार मात्र बरे झाले नाहीत. नंतरच्या अभ्यासांत ते म्हणणं टिकलं नाही. कॅन्सरची खरी भीती तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारीची आहे. तो फॉरवर्ड करण्यापेक्षा ती पुडी सोडा.

*सुनेला सातवा महिना आहे, दाढ दुखतेय. थांबावं का?*
डॉक्टरांना दाखवा, महिने सांगा. चौथा ते सहावा महिना अशा कामाला सगळ्यात सोयीचा. पण ठणका आणि सूज असेल तर कुठल्याही महिन्यात उपचार होतो. संसर्ग तसाच ठेवणं आई आणि बाळ दोघांनाही वाईट.

*नातवाची दाढ किडली, पण ती दुधाची आहे ना?*
वय विचारा. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, काहीही न पडता, एक नवी दाढ येते. ती कायमची असते, आणि आईवडील तिला दुधाची समजून सोडून देतात. आरशासमोर नातवाचं तोंड उघडून आज रात्रीच मोजा. दुधाची दाढसुद्धा वेळेआधी गेली तर खालचा दात वाकडा येतो, म्हणून तिच्यावरही उपचार करतात.

*हे सगळं टाळायचं कसं?*
रात्री झोपायच्या आधी फ्लोराईडच्या पेस्टने ब्रश. मिश्री, राखुंडी नको. गोड खायचं तर जेवणाबरोबर, दिवसभर थोडं थोडं नको. आणि दुखत नसताना वर्षातून एकदा दाखवणं. दुखत नसताना गेलात, तर या भाषणातलं बाकीचं काही आठवायची गरज पडणार नाही.

शेवटी समितीला एक विनंती. रौप्यमहोत्सवाच्या शिलकीतून काही करायचं ठरत असेल तर दर वर्षी आषाढात, टोळ्या निघायच्या कितीतरी आधी, सोसायटीत काम करणाऱ्या सगळ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची दंततपासणी ठेवा. तपासायला मी येईन, खुर्ची आणि सावली तेवढी तुम्ही द्या.